आधी कान, मग पाना

परांडा तालुक्यातल्या सोनारीत भैरवनाथाच्या दर्शनाला येणारा भाविक डांबरी रस्त्यानं येतो आणि डांबरीनंच परत जातो. आम्हा शेतकऱ्यांच्या गाड्यांचं खरं आयुष्य मात्र डांबरी सोडून पाणंदीला लागलं की सुरू होतं. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात घोट्याएवढा फुफाटा, मध्ये दोन बांध आणि एक ओढा. अशा ठिकाणी गाडी बंद पडली की मेकॅनिक येत नाही. येतात ते पाव्हणे. पहिला म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो एअर धरली, तिसरा न विचारता पाना हातात घेतो आणि चौथा ढकलायला माणसं गोळा करतो.

ऊसतोडीच्या हंगामातली एक रात्र मी विसरलेलो नाही. फडाच्या कडेला ट्रॅक्टर उभा होता आणि मागे भरलेली ट्रॉली. सेल मारला की इंजिन जोरात फिरायचं, पण पेटायचं नाही. मी दहा मिनिटं सेल मारत राहिलो. मग फिल्टरचा बोल्ट सैल केला, एअर काढली, पुन्हा सेल मारला. शेवटी बॅटरीही उतरली. तेवढ्यात शेजारच्या शेतातला पोरगा आला. त्यानं डॅशबोर्डखाली हात घातला, इंजिन बंद करायचा ओढलेला खटका आत ढकलला आणि शांतपणे म्हणाला, “काका, गाडी तुम्हीच बंद करून ठेवलीय की!”

मूळ बिघाड काहीच नव्हता. त्या रात्री जो बिघाड झाला, तो मी केला होता. तेव्हापासून एक नियम पाळतो: गाडी सुरू झाली नाही तर आधी कान लावायचा, मग डोळे लावायचे आणि पाना शेवटी घ्यायचा. हा क्रम इथे सविस्तर मांडतो आहे.

पहिली पाच मिनिटं

किल्ली बंद करा. गिअर न्यूट्रलला घ्या, हॅन्डब्रेक ओढा आणि उतार असेल तर चाकामागे दगड लावा. गाडी वाळल्या गवतावर, उसाच्या पाचटावर किंवा सोयाबीनच्या भुसकटावर उभी असेल तर सगळ्यात आधी खाली वाकून बघा. तापलेल्या सायलेन्सरला पाचट चिकटलं तर ते पेट घेतं. डिझेल-पेट्रोलचा वास येत असेल तर सेल मारू नका आणि बिडी-सिगारेटवाल्याला लांब पाठवा.

मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. गाडी चालता चालता बंद पडली की उभी होती ती सुरू होईना? बंद पडण्याआधी काय झालं होतं: पाणी, खड्डा, आदळ, नवं डिझेल, की काही दुरुस्ती? आणि बंद पडताना ती झटक्यात गेली की आचके देत गेली? झटक्यात गेली असेल तर बहुधा वायरिंगचा दोष असतो. आचके देत, दम तोडत गेली असेल तर इंधनाचा. हे अचूक निदान नव्हे, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरतं.

आवाज काय सांगतो

आता एकदाच सेल मारा, तोही पाच सेकंदांपुरता. सोबतच्या माणसांना गप्प राहायला सांगा आणि ऐका.

काहीच आवाज नाही, किंवा नुसतं ‘टक्’ किंवा ‘टकटकटक’ वाजतं: बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग किंवा स्टार्टर.

इंजिन कण्हत, रेंगाळत फिरतं: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे.

इंजिन नेहमीच्या जोरानं फिरतं, पण पेटत नाही: बॅटरीला हात लावू नका. इंधन, हवा किंवा करंट यापैकी काहीतरी पोचत नाही.

पेटतं आणि दोन सेकंदांत बंद होतं: नव्या गाडीत चोरी रोखणारी किल्लीची यंत्रणा म्हणजे इमोबिलायझर, जुन्या डिझेलमध्ये एअर किंवा चोंदलेला फिल्टर.

नुसती स्टार्टरची मोटर ‘घर्रर्र’ करून रिकामी फिरते: स्टार्टरचा दात फ्लायव्हीलला लागत नाही. हे काम रानात होणारं नाही.

सेल एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारायचा नाही आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट सोडायचा. स्टार्टर एका दमात शेकडो अँपिअर करंट ओढतो. तो सतत मारत राहिलात तर बॅटरी उतरतेच, शिवाय स्टार्टरही जळतो. म्हणजे एका बिघाडाचे तीन होतात.

सेल लागतच नाही

हेडलाइट लावा आणि त्या उजेडाकडे बघत सेल मारा. उजेड एकदम मंदावला किंवा गेला, तर बॅटरीत जोर नाही किंवा टर्मिनलचा जोड कच्चा आहे. उजेड जराही हलला नाही आणि आवाजही आला नाही, तर करंट स्टार्टरपर्यंत जातच नाही: फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच किंवा क्लचचा सेफ्टी स्विच. रानातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाची चाचणी.

मीटर असेल तर आकडेच बोलतात. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास उतरलेली. सेल मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी कमजोर समजा. गाडी चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा यायला हवेत. येत नसतील तर दोष बॅटरीचा नाही, चार्जिंगचा आहे. नवी बॅटरी आणून उपयोग होणार नाही.

बॅटरीला नावं ठेवण्याआधी टर्मिनल हातानं हलवून बघा. पाणंदीच्या हादऱ्यांनी ते ढिले होतातच. पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर टर्मिनल काढा, पॉलिश पेपरनं किंवा चाकूच्या पात्यानं खांब आणि कडं चकचकीत करा आणि पुन्हा आवळा. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. मग निगेटिव्हची जाड पट्टी बॉडीला आणि इंजिनाला जिथे बसते, तो बोल्ट बघा. चिखल-गंजानं तिथला जोड सुटतो आणि चांगली बॅटरी मेल्यासारखी वाटते. जंपर केबल असेल तर बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट इंजिनाच्या लोखंडाला लावून सेल मारा. इंजिन फिरलं तर चोर सापडला.

एवढं करूनही एकच ‘टक्’ येत असेल आणि उजेड चांगला असेल, तर एकानं सेल धरावा आणि दुसऱ्यानं स्टार्टरच्या बॉडीवर पान्याच्या दांड्यानं हलकेच टकटक करावी. झिजलेले कार्बन ब्रश कधीकधी एवढ्यानं जागेवर येतात. हा तात्पुरता उपाय आहे. घरी पोचलात की स्टार्टर उघडायला द्या.

ट्रॅक्टरवाल्यांनी क्लच पूर्ण दाबलाय का, पीटीओचा दांडा बंद आहे का, गिअर न्यूट्रलला आहे का, हे आधी पाहावं. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये यातलं एक जरी चुकलं तरी सेल लागत नाही. इथेच गावोगावची एक जीवघेणी सवय आडवी येते: खाली उभं राहून स्टार्टरच्या दोन बोल्टांना स्क्रू ड्रायव्हर टेकवून ‘डायरेक्ट’ करणं. त्यानं सेफ्टी स्विच बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो सुरू होताक्षणी पुढे जातो, आणि मागचं मोठं चाक खाली उभ्या माणसावर येतं. खाली उभं राहून ट्रॅक्टर कधीच सुरू करू नका. घाई कितीही असली तरी नाही.

इंजिन फिरतं, पण पेटत नाही: जुनं डिझेल

सर्वांत आधी माझी चूक आठवा आणि बंद करायचा खटका पूर्ण आत आहे का बघा. त्याची केबल मध्येच अडकते, म्हणून पंपावरचा दांडा हलतोय का तेही पाहा. टाकीची तोटी उघडी आहे का? टाकीत डिझेल किती आहे? गाडी बांधावर कलती उभी असेल आणि टाकी पाव भरलेली असेल, तर डिझेल एका बाजूला जातं आणि पाइप कोरडा राहतो. काट्यावर विसंबू नका.

मग एकाला सेल मारायला सांगून सायलेन्सरच्या तोंडाकडे बघा. पांढरट धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेट घेत नाही: थंड इंजिन, बिघडलेला हीटर प्लग किंवा इंजिन हवं तेवढ्या जोरानं फिरत नाही. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही. सायलेन्सरचं तोंडही बघून घ्या. मागे घेताना ते बांधात घुसून काळ्या मातीनं गच्च बंद झालं असेल तर इंजिन श्वासच सोडू शकत नाही. एअर फिल्टरचंही तेच. ज्वारीच्या मळणीत किंवा फुफाट्यात दिवसभर चाललेल्या गाडीचा फिल्टर काढून झटका आणि एकदा सुरू करून बघा. मात्र फिल्टरशिवाय गाडी चालवत नेऊ नका. तेवढ्या धुळीनं लायनर-पिस्टन घासले जातात.

डिझेल पोचत नसेल तर एअर काढा. फिल्टरवरचा एअरचा बोल्ट दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा हातदांडा दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेलची धार. धार सलग झाली की दांडा दाबत असतानाच बोल्ट आवळा. दोन फिल्टर असतील तर दुसऱ्याचं, आणि शेवटी पंपावरच्या बोल्टाचं असंच करा. बुडबुडे थांबतच नसतील तर टाकी ते पंप यामधला पाइप किंवा वॉशर हवा ओढतोय. ओलसर जोड शोधा. दांडा दाबून काहीच येत नसेल तर टाकीची जाळी किंवा फिल्टर चोंदला आहे.

कॅनमधून डिझेल भरत असाल तर पाण्याचा संशय पहिला घ्या. फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून थोडं डिझेल काचेच्या ग्लासात घ्या आणि दोन मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसेल. निव्वळ डिझेल येईपर्यंत सोडत राहा.

नव्या डिझेल गाड्या

आता बहुतेक पिकअप आणि जीप कॉमन रेलच्या आहेत. त्यांच्या पाइपांत एक हजार बारहून अधिक दाब असतो. एवढ्या दाबाचा फवारा कातडी फोडून आत जातो, आणि जखम सुईच्या टोचणीएवढी दिसली तरी हात जाण्याची वेळ येते. म्हणून या गाड्यांचे नोझलकडचे नट सैल करायचे नाहीत. जुन्या मेकॅनिकनं सांगितलं तरी नाही. फिल्टरवर हातानं दाबायचा रबरी फुगा किंवा पंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबा. नसेल तर किल्ली ‘ऑन’ करून पाच सेकंद थांबा आणि बंद करा. असं पाच-सहा वेळा केलं की इलेक्ट्रिक पंप डिझेल भरून घेतो.

मीटरवरचे दिवे वाचा. गुंडाळीसारखा हीटरचा दिवा विझेपर्यंत सेल मारायचा नाही. किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडीनं तुमची किल्ली ओळखलेली नाही. किल्ली जुडग्यातून सोडवा, मोबाइलपासून लांब धरा आणि दुसरी किल्ली असेल तर ती लावा. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीच्या किल्लीतला सेल संपला असेल, तर बऱ्याच गाड्यांत किल्लीच बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी सुरू होते.

पेट्रोल गाडी आणि दुचाकी

पेट्रोलच्या कारमध्ये किल्ली ‘ऑन’ करून मागच्या सीटकडे कान लावा. दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तो पेट्रोल पंप. आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज बघा. पंपाचा आणि हॉर्नचा रिले एकाच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. उंदीर आणि खारी वायरी कुरतडतात. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत ही तक्रार नेहमीची आहे.

उन्हाळ्यात चालता चालता बंद पडलेली गाडी अर्ध्या तासानं आपोआप सुरू झाली, तर तापलेला सेन्सर किंवा पंप हा पहिला संशयित. बॉनेट उघडून सावलीत थांबा, आणि सुरू झाली म्हणून विसरू नका. ती पुन्हा बंद पडणार आहे.

दुचाकीवर आधी लाल किल-स्विच, मग साइड स्टँड, मग पेट्रोलची तोटी. अनेकदा चौथं काही बघावंच लागत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. अशी गाडी चिखलात आडवी पडली तर तिचा सेन्सर पेट्रोल बंद करतो. उभी करा, किल्ली बंद करून पुन्हा चालू करा.

जुन्या गाडीचा प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय: पुसा, वाळवा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून चार किका मारा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. करंट बघायचा असेल तर प्लग टोपीत घालून इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी दिसली तर प्लग बदला.

ओढ्यातून आलेली गाडी

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या आणि तिला मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांच्या पुरानं परांडा-भूम भागात काय केलं ते आपण पाहिलं आहे. पाण्यात बंद पडलेल्या किंवा पाण्याखाली राहिलेल्या गाडीला एकच नियम: सेल मारायचा नाही, धक्काही द्यायचा नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पेलाभर पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हजारात भागणारं काम लाखात जातं.

आधी गाडी ओढून कोरड्यावर आणा. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. एअर फिल्टरचा डबा उघडा. आतला कागद ओला असेल तर प्रवास तिथेच संपला. प्लग किंवा नोझल काढून पाणी बाहेर काढणं मेकॅनिकचं काम आहे. ऑइलची पट्टी ओढून बघा. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी गेलंय. ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

जंपर, धक्का आणि दोर

जंपरचा क्रम पाठ करा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हे अंतर. पाच मिनिटं चार्ज होऊ द्या, मग सेल मारा. काढताना उलटा क्रम. मोठ्या ट्रकची यंत्रणा चोवीस व्होल्टची असते. तिच्यावरून बारा व्होल्टची गाडी सुरू करू नका.

धक्का फक्त हातानं बदलायच्या गिअरच्या गाडीला. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच सोडा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दगडासारखे जड होतात, त्यामुळे उतारावर हा प्रयोग नको. बॅटरी पूर्ण मेली असेल तर नव्या गाडीत धक्क्याचाही उपयोग होत नाही, कारण तिच्या कॉम्प्युटरला आणि पंपाला थोडा तरी करंट लागतो.

ट्रॅक्टरनं ओढायचं असेल तर दोर खालच्या ड्रॉबारलाच बांधा. वर, टॉपलिंकला बांधला तर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं आणि तो मागे उलटतो. ओढताना दोर-साखळीच्या रेषेत कुणालाही उभं करू नका. तुटलेली साखळी माणूस बघत नाही.

सीटखालची पिशवी

दहा, बारा आणि तेरा नंबरचे पाने, पक्कड, टेस्टर किंवा छोटा मीटर, पॉलिश पेपर, चार-पाच जादा फ्यूज, जाड तांब्याच्या जंपर केबल, चिकटपट्टी, हातभर वायर, प्लगचा पाना, एक डिझेल फिल्टर, डोक्याला लावायची बॅटरी आणि पाच लिटर पाणी. एवढं जुन्या पिशवीत मावतं. मोबाइलची रेंज कुठल्या बांधावर येते तेही माहीत करून ठेवा. जीवावर बेतलं तर ११२ नंबर सगळीकडे एकच आहे.

अर्ध्या तासात कारण सापडलं नाही तर थांबा. गाडीला कुलूप लावा, घरी चालत जा, सकाळी मेकॅनिकला घेऊन या. त्याला “सुरूच होत नाही” एवढंच सांगू नका. इंजिन फिरतं की नाही, उजेड मंदावतो की नाही, धूर येतो की नाही, हे सांगा. त्याचा निम्मा वेळ आणि तुमचे निम्मे पैसे तिथेच वाचतात.

आणि हे सगळं शिकायला गाडी बंद पडायची वाट बघू नका. उद्या सकाळी चालू गाडीचं बॉनेट उघडा, बॅटरीची पट्टी कुठे बसते, फिल्टरचा बोल्ट कुठला, फ्यूजचा डबा कुठे, हे पोराबाळांना सोबत घेऊन हात लावून बघा. निरोगी इंजिनाचा आवाज एकदा नीट ऐकून ठेवा. तो कानात बसला असेल तरच अंधारात, फडाच्या कडेला, बिघडलेला आवाज ओळखता येतो.